कोरोनाच्या सुरुवातीला परदेशातून परतून घरी एकट्यानेच विलगीकरणात राहिलेलं कोणी आहे का? दिवस कसे काढलेत?

हो, मी राहिले आहे. मार्च २०२० मध्ये सिंगापूरहून, मुलीकडून परत आले आणि सांगलीत गावभागातल्या माझ्या घरी एकटीच राहिले. वेळ कसा गेला, मन कसं सांभाळलं आणि शेजारीपाजारी कसे वागले, असं तुम्ही विचारलंय. आई गावी एकटी राहते, म्हणून विचारतेय, असंही प्रश्नाखाली लिहिलंय. माझ्या अनुभवात तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. शेजाऱ्यांशी घडी नीट बसली, की वेळही जातो आणि मनही थाऱ्यावर राहतं. त्यामुळे त्याबद्दलच जास्त लिहिते.

सिंगापूरमध्ये फेब्रुवारीतच सरकारने धोक्याची पातळी 'नारिंगी' केली होती. दुकानांतून तांदूळ आणि नूडल्स एका संध्याकाळी गायब झालेले मी पाहिले होते. पण तिथे एक गोष्ट मला फार आवडली. मुलीच्या ऑफिसच्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाचा ताप मोजत, वहीत लिहीत, आणि विषय संपला. कोणी कोणाकडे वाकडं बघत नव्हतं. ती गोष्ट डोक्यात राहिली आणि पुढे कामाला आली.

मुंबईला उतरले तेव्हा आपल्या राज्यात नुकतंच हातावर शिक्के मारणं सुरू झालं होतं. डाव्या हाताच्या पंजावर, पाठच्या बाजूला, मतदानाला लावतात तशा न पुसणाऱ्या शाईचा शिक्का आणि त्यात कोणत्या तारखेपर्यंत घरात राहायचं ती तारीख. त्याच सुमारास पालघरला शिक्का असलेल्या प्रवाशांना रेल्वेतून उतरवल्याची बातमी आली होती, त्यामुळे रेल्वे किंवा बसचा प्रश्नच नव्हता. खासगी गाडी केली. काचा उघड्या, मी मागे, ड्रायव्हरदादा पुढे, दोघांच्या तोंडाला मास्क. घाट ओलांडला, सातारा गेलं, कराड गेलं, कुठेही हॉटेलात उतरले नाही. मुलीने बांधून दिलेल्या पोळ्या गाडीतच खाल्ल्या.

आता शेजाऱ्यांचं. आमची गल्ली कृष्णेपासून फार लांब नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीत ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. माझ्या घराचा तळमजला पाण्यात होता, पण वरचा मजला कोरडा. गल्लीतली तीन कुटुंबं तेव्हा माझ्या वरच्या खोल्यांत राहिली. एका चुलीवर भात, एका चटईवर सगळ्यांची पोरं. आणि सात महिन्यांनी तीच माणसं माझ्या फाटकापासून दहा पावलं लांब उभी राहून बघत होती, मी गाडीतून बॅग कशी उतरवते ते.

मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं. पुरात दर तासाला कळायचं, पाणी किती फुटांवर आहे, वाढतंय की उतरतंय. माणूस भ्यायचा, पण कशाला भ्यायचं ते त्याला ठाऊक असायचं. इथे कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. मी आजारी आहे की नाही, हवेतून लागतं की दाराच्या कडीवरून, किती दिवस. टीव्हीवर दिवसभर तेच चालू. अशा वेळी माणूस जे दिसत नाही त्याच्यापेक्षा जे दिसतं त्याला घाबरतो, आणि दिसत होते मी, हातावरच्या शिक्क्यासकट.

त्या रात्रीच मी समोरच्या वहिनींना आणि कोपऱ्यावरच्या काकांना फोन केला. कुठून आले, कुठल्या तारखेला, तपासणीत काय म्हणाले, शिक्क्यावर कुठली तारीख आहे, सगळं न विचारता सांगून टाकलं. महापालिकेच्या आरोग्य विभागालाही स्वतःहून कळवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची लहानपणची दगडी पाटी माळ्यावरून काढली, पुसली आणि तारेने फाटकाला आतल्या बाजूने, पण रस्त्यावरून वाचता येईल अशी अडकवली. त्यावर खडूने असं लिहायची: तारीख, सकाळी ९७.८, संध्याकाळी ९८.१, खोकला नाही, घसा बरा.

रोज सकाळी आणि संध्याकाळी ती पाटी बदलायची, आयर्विनची पातळी बदलावी तशी. दोन दिवसांत समोरची पोरं गॅलरीतून ती मोठ्याने वाचायला लागली. "आजी, आज सत्त्याण्णव पॉइंट सहा!" वहिनी त्यांना गप्प करायच्या, पण मला ते ऐकायला बरं वाटायचं. दूधवाला रोज पातेल्यात वरून, लांबूनच दूध ओतायचा. पातेलं मी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून आत यायची, मग तो यायचा. पाटी लावल्यापासून तो आधी पाटी बघायचा आणि ओरडायचा, "काकू, ताप न्हाई न्हवं? मग काय काळजी करू नका."

सगळेच असे नव्हते. गल्लीतल्या एका गृहस्थांनी फोन करून, मिरजेला सिव्हिलमध्येच जाऊन का राहत नाही, तिथे सोय आहे, असं सुनावलं. परदेशातून आलेल्यांची नावं आणि पत्ते असलेली एक यादी कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवरून माझ्याही मोबाइलवर येऊन पोचली, त्यात माझं नाव होतं. २३ मार्चला इस्लामपूरची बातमी आली. सौदी अरेबियातून यात्रा करून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना लागण झाल्याची. पुढच्या काही दिवसांत तिथला आकडा वीसच्या वर गेला आणि गाव सील झालं. त्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यात जी भाषा त्या कुटुंबाबद्दल वापरली गेली, ती ऐकून मला एकटेपणापेक्षा जास्त त्रास झाला. आजारी माणसाला गुन्हेगार ठरवलं, की पुढचा माणूस ताप लपवणार, आणि लपवलेला ताप सगळ्या गावाला भोवणार, हे इतकं साधं आहे. त्यांच्यातले बहुतेक जण एप्रिलमध्ये बरे होऊन घरी गेले. ती बातमी मात्र कोणी फॉरवर्ड केलेली मला तरी दिसली नाही.

यादी आल्यावर मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "यादीतलं नाव माझंच आहे, माझ्या फाटकावर पाटी आहे, रोज वाचा, काही शंका असेल तर मला फोन करा, माझ्याबद्दल दुसऱ्याला करू नका." त्यानंतर फोन आले, आणि बहुतेक चांगले आले.

मनाचं म्हणाल तर दिवस सोपे होते, रात्री नाही. दोन महिने बंद असलेलं घर, धुळीने घसा खवखवायचा, आणि रात्री दोनला वाटायचं, झालं, आलं वाटतं अंगात. मी उठून थर्मामीटर लावायची, पाच मिनिटांनी परत लावायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, दोनदाच मोजायचं, ठरल्या वेळी, आणि थर्मामीटर रात्री झोपायच्या खोलीत ठेवायचाच नाही. तो मी खालच्या मजल्यावर, पाटीच्या खडूशेजारी ठेवला. एवढ्या एका गोष्टीने झोप लागायला लागली. एकटं असताना स्वतःच्या शरीराकडे सारखं कान लावून बसण्याचा नाद फार वाईट. तो तोडायला काहीतरी बाहेरचं कारण लागतं.

दुसरी भीती खरी होती, आणि तिच्यावर मनाला समजावून भागत नाही. रात्री खरंच दम लागला, उठता आलं नाही, तर कोणाला कळणार? मुलीला रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण ती सिंगापूरला. तिथे घड्याळ अडीच तास पुढे, मधे समुद्र, आणि विमानं बंद. ती फक्त रडू शकली असती. म्हणून मी वहिनींशी ठरवलं. रात्री गॅलरीतला दिवा चालू ठेवायचा आणि सकाळी सातला मी तो बंद करायचा. सव्वासातला दिवा चालू दिसला तर त्यांनी फोन करायचा. फोन उचलला नाही तर डॉक्टरांना आणि महापालिकेच्या नंबरवर कळवायचं. घराची जादा किल्ली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पुसून, त्यांच्या जिन्याखालच्या खिळ्याला अडकवली होती, आणि आत येणाऱ्याने मास्क लावल्याशिवाय यायचं नाही हेही ठरलेलं होतं. शिवाय एका कागदावर वय, रक्तदाबाच्या गोळीचं नाव, रक्तगट आणि डॉक्टरांचा नंबर लिहून तो फ्रिजच्या दारावर चिकटवला.

एका सकाळी माझा डोळा लागला आणि दिवा चालूच राहिला. सात वीसला फोन वाजला. मी "हॅलो" म्हटल्यावर पलीकडून फक्त मोठा सुस्कारा ऐकू आला, आणि मग वहिनी म्हणाल्या, "अहो, काय जीव घेता का सकाळी सकाळी!" त्या दिवसापासून माझी रात्रीची भीती गेली ती गेलीच.

वेळ कसा गेला याचं फार सांगण्यासारखं नाही. पुरानंतर भिंतींचं काम अर्धवट राहिलं होतं, ओल आलेली कपाटं रिकामी केली, जुने फोटो उन्हात घातले. वेळ ठरवून जेवायची, ठरवून आंघोळ, घरातच असले तरी रोज धुतलेली साडी. जनता कर्फ्यूच्या रविवारी संध्याकाळी पाचला सगळी गल्ली थाळ्या वाजवत होती, मीही गच्चीवरून वाजवली. २५ तारखेला पाडवा आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन. गुढी उभारायला कळक होता, पण कडुलिंब नव्हता, साखरेची माळही नव्हती. दोरीला बांधलेली पिशवी गॅलरीतून खाली सोडली, तर कोपऱ्यावरच्या काकांनी त्यात कडुलिंबाचा डहाळा, गाठी आणि तासगावकडची द्राक्षं घातली. बाजार बंद झाल्याने त्यांच्या पाहुण्यांच्या बागेतला माल तसाच पडून होता, असं म्हणाले. किराणाही त्याच पिशवीतून यायचा, हिशोब वहीत. पैसे नंतर ऑनलाइन दिले, नोटांना हात लावायला तेव्हा सगळेच घाबरत होते. कचरा मी वेगळ्या पिशवीत बांधून, ब्लीचिंग पावडर टाकून अंगणात ठेवायची आणि तीन दिवसांनी बाहेर द्यायची.

आरोग्य खात्याच्या आशा सेविका, म्हणजे आमच्या आशाताई, बहुतेक रोज यायच्या, फाटकाबाहेरूनच चौकशी करून वहीत नोंद करायच्या. त्यांच्या तोंडाला साधा कापडी रुमाल असायचा, हातमोजे नव्हते. परदेशातून मी आले होते, आणि माझ्यासाठी उन्हात दारोदार त्या फिरत होत्या. त्यांच्याबद्दल मला कायम आदर राहील.

शिक्क्यावरची तारीख उलटली तेव्हा तो अजून पुसटसा दिसत होता, पण गल्ली आपोआप जवळ आली, कोणी वेगळं सांगावं लागलं नाही. पाटी मात्र गल्लीने ठेवून घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये सांगलीत खरी लाट आली, ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक हिंडत होते, आणि आमच्या गल्लीतही चार घरांत रुग्ण होते. त्या घरांच्या फाटकांवर पाट्या लागल्या, त्यावर तापासोबत ऑक्सिमीटरचा आकडाही आला. समोरच्या भावोजींनाही झालं. तेव्हा त्यांच्या गॅलरीतला दिवा मी बघायची.

आता तुमच्या आईंबद्दल. साथ असो वा नसो, त्या एकट्या राहतात म्हणजे हे आजच करून ठेवता येईल. हाकेच्या अंतरावरचं एक घर निवडा, मुलगा किंवा मुलगी कितीही रोज फोन करत असली तरी. त्या घराशी सकाळची एक खूण ठरवा, दिवा, पडदा, काहीही, फक्त रोज एकाच वेळेला. जादा किल्ली त्यांच्याकडे द्या. गोळ्यांची नावं आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा. आणि हे सगळं आईंच्या तोंडूनच त्या शेजाऱ्यांना सांगू द्या, तुम्ही परस्पर फोन करून ठरवू नका. सुट्टीत गावी जाल तेव्हा त्या घरी चहाला जाऊन या.