भास सोडून मित्रांची चौकशी कशाला?

प्रश्न: माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. काही महिने त्याला मधेच कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं, पण भास असेल हे त्याचं त्यालाच कळतं. डॉक्टर म्हणाले, हा सायकोसिस, म्हणजे भास आणि खरं यातला फरकच कळेनासा होतो तो आजार, नाही, पण पुढे तो होण्याची रिस्क आहे, लक्ष ठेवू. मग सायकॉलॉजिस्ट मॅडमनी तासभर विचारलं काय, तर मित्र किती, फोन आधी कोण करतं, अभ्यासाला कोण बसवतं! आवाजांचं फारसं नाहीच. असं का?
– एक आई

उत्तर: ताई, घालमेल कळतेय तुमची, पण तो तास वाया गेला नाही हे नक्की. काय होतं, भास-संशय एकीकडे आणि रोजचं जगणं एकीकडे, दोन्ही सोबतच वरखाली होतात असं नाही. भास कमी झाले तरी पोरगा खोलीबाहेर पडत नाही असंही होतं. आणि रिस्कमधल्या बहुतेक मुलांना पुढे सायकोसिस होत नाही, तरी त्यातल्या बऱ्याच जणांचे तुटलेले मित्र, सुटलेलं कॉलेज तसंच राहतं, मला तर त्याचीच जास्त काळजी वाटते.

जुनी जीएएफ नावाची 1 ते 100 ची मोजपट्टी लक्षणं आणि जगणं एकाच आकड्यात कोंबायची. म्हणून 2007 मध्ये खास रिस्कमधल्या मुलांसाठी दोन वेगळ्या पट्ट्या आल्या, एक नात्यांची, एक शाळा-कामाची, दोन्ही 1 ते 10. आत्ता कुठे आहे आणि गेल्या वर्षभरात सगळ्यात वर नि सगळ्यात खाली कुठे होता, तिन्ही बघतात, म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच. लहानपणापासून अबोल असलेला वेगळा आणि रोज खेळायला जाणारा अचानक जायचा थांबला तो वेगळा.

आता अभ्यासाचं. मार्क तेवढेच आहेत, पण वही तुम्ही उघडून देता, प्रोजेक्ट रात्री तुम्ही पूर्ण करता, तर तो आधार काढला की काय उरतं हे मॅडमना कळायला हवं, त्यामुळे प्लीज झाकू नका. त्यात तुमची काही चूक नाही, कुठलीही आई हेच करेल. आणि आकडा खाली आला म्हणजे सायकोसिसच असंही नाही, डिप्रेशन, भीती, गांजा यांनीही तो घसरतो.

मात्र आवाज खरेच आहेत असं तो ठामपणे म्हणायला लागला, त्यांचं ऐकून वागायला लागला किंवा मरणाचं बोलला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

बाकी पुढच्या वेळी जाताना त्याने स्वतःहून शेवटचा मेसेज कुणाला आणि कधी केला ते आठवून जा, आणि थोडा वेळ त्याला मॅडमशी एकट्याने बोलू द्या.