नेटफ्लिक्सवरच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेचा पहिला सीझनच अनेकांना सर्वांत भीतिदायक का वाटतो?

माझ्या मते कारण एकच: राक्षस फार कमी दिसतो. 2016 साली आलेल्या या सीझनमध्ये आठच भाग आहेत आणि त्यांतला बराचसा वेळ डेमोगॉर्गन, म्हणजे तो राक्षस, आपल्याला नीट पाहायलाच मिळत नाही. दिसतात ते लुकलुकणारे दिवे, भिंतीतून ताणून बाहेर येऊ पाहणारा आकार, रिकामा स्विमिंग पूल.

तिसऱ्या भागातला तो प्रसंग आठवा. जॉयस भिंतीवर मुळाक्षरं रंगवते, प्रत्येक अक्षरावर ख्रिसमसचा एकेक दिवा टांगते आणि तिचा हरवलेला मुलगा विल त्यातून आधी ‘इथेच’ आणि मग ‘पळ’ असं कळवतो. आईला आपलं मूल जवळच आहे हे कळतंय, पण हात पोहोचत नाही. जॉयस झालेल्या विनोना रायडरचा चेहरा तिथे जे करतो ते कुठल्याही स्पेशल इफेक्टला जमणार नाही.

शिवाय इथल्या भीतीला नियम आहे. तो प्राणी रक्ताच्या वासावर येतो. बार्ब या शाळकरी मुलीचा अंगठा कापतो, रक्त ठिबकतं आणि तिचं काय होणार हे आपल्या आधी पोटाला कळतं. (बार्बसाठी मला अजूनही वाईट वाटतं. तिला शोधायला तिची मैत्रीण नॅन्सी हिच्याखेरीज फारसं कुणी धडपडलंच नाही.)

पुढच्या सीझनमध्ये राक्षस मोठे झाले, संख्येने वाढले. तेही मी आवडीने पाहिले, पण 1983च्या हॉकिन्स गावातला तो एकटा, बिनचेहऱ्याचा प्राणी मला अजूनही जास्त घाबरवतो. शेवटी विल बेसिनमध्ये खोकून जे बाहेर काढतो, त्या दृश्यानंतर मी दिवा लावूनच झोपलो होतो.