आधी तिला ऐकव

प्रिय पोरा,

पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून ऐकवायचा आवाजाचा कार्यक्रम, सुरू करायचाय म्हणून पाठवलेला तुझा निरोप दोनदा ऐकला. मायक्रोफोन कोणता घेऊ, ॲप कोणतं वापरू, सुरुवातीला संगीत हवं का, वऱ्हाडीत बोलू की पुस्तकी मराठीत, असे सगळे प्रश्न तू आधी विचारलेस. खरा प्रश्न शेवटी आला, तोही आवाज खाली नेऊन. शेजारच्या गावच्या काकूंनी नवऱ्याच्या मरणाबद्दल, कर्जाबद्दल, दिराबद्दल तुझ्या फोनमध्ये तासभर बोलून ठेवलंय. मित्र म्हणतो, रडण्याचा भाग पुढे घे, खाली बासरी टाक आणि आजच चढव. तुझा हात मात्र धजत नाही. धजत नाही हे ठीकच आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही.

माझं उत्तर एकच आहे, आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. ज्याचा आवाज घेतलास, त्याला आधी ऐकव. कापून-जोडून झालेला, जसा लोकांसमोर जाणार तस्साच, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. मगच प्रसिद्ध कर.

पॉडकास्ट ऐकतोस तू रोज, पण ते पोचतं कसं हे नीट समजून घे, कारण माझा हट्ट तिथूनच सुरू होतो. फाइल तू एका होस्टिंग सेवेवर, म्हणजे इंटरनेटवर जागा देणाऱ्या सेवेवर ठेवतोस. ती सेवा तुझ्या कार्यक्रमाची आरएसएस फीड बनवते. फीड म्हणजे भागांची यादी: प्रत्येक भागाचं शीर्षक, वर्णन आणि ध्वनिफाइलचा पत्ता. ॲपलचं, स्पॉटिफायचं आणि इतर ॲप्स ती यादी अधूनमधून वाचतात. नवा भाग दिसला की ज्यांनी तशी सोय चालू ठेवलीय त्यांच्या फोनमध्ये तो आपोआप उतरतो. २००५ साली ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, तेव्हाही रचना हीच होती. आता बघ, भाग उद्या तू काढून टाकलास तर यादीतून तो जाईल, पण उतरलेल्या प्रती तुझ्या हातात नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरलेला तुकडा तर कोणाच्याच हातात नाही. परत घेण्याची सोय नसलेली गोष्ट आहे ही. म्हणून विचारायचं ते चढवण्याच्या आधी.

तू म्हणशील, काकू ‘कर ना बापा रेकॉर्ड’ म्हणाल्या होत्या. ती परवानगी बोलण्याची झाली. तासाभराचं बोलणं वीस मिनिटांत बसवलं की त्याचं काय होतं, हे ऐकल्याशिवाय कोणालाही समजत नाही. तुलाही नाही, मलाही नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी बायकांचे आवाज गोळा करायची. गावोगाव जायचं, कापूस वेचणीवरून त्या परतल्या की त्यांच्या ओट्यावर बसायचं, छोटा रेकॉर्डर मध्ये ठेवायचा. एका बाईनं नवऱ्याच्या आत्महत्येनंतरचं सगळं सांगितलं. सरकारी मदतीच्या कागदावर ‘अपात्र’ शेरा कसा पडला, कर्ज गावातल्या खाजगी सावकाराचं होतं, बँकेचं नव्हतं, सातबारा सासऱ्याच्या नावावर होता. दिरानं वावर वाहून दिलं, पोरांच्या शाळेचं पाहिलं, हेही सांगितलं. मध्येच एका वाक्यात त्याच्याबद्दलचा रागही बोलून गेली. संस्थेनं कार्यक्रमासाठी कापलं तेव्हा राग राहिला आणि आधार गेला. तालुक्याच्या कार्यक्रमात दिरानं ते ऐकलं. पुढच्या पेरणीला त्याचे बैल तिच्या वावरात आले नाहीत. ती मला एवढंच म्हणाली, “एवढंच तं नव्हती बोलली मी.”

त्या कापणीवर माझा हात नव्हता. तिला आधी ऐकवा म्हणून मी भांडले होते, लेखी दिलं होतं. कार्यक्रम जवळ आलाय, वेळ नाही, असं उत्तर मिळालं. मूळ रेकॉर्डिंग तरी तिला द्या म्हणून मागत राहिले, तेही मिळालं नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये दिराबद्दलचे तिचे चांगले शब्द होते. ते त्याच्या कानावर कधीच पडले नाहीत, आणि ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून काम घेते ते याच अटीवर. काही कामं या अटीपायी हातची गेली. ‘मावशी अडवून धरतात’ असं माझ्याबद्दल बोललं जातं. धरते अडवून. भराभर भाग काढणाऱ्यांचे कार्यक्रम पुढे गेले, माझे मागे राहिले, हे मला दिसतं. पण ज्या दारात मी एकदा रेकॉर्डर घेऊन गेले, त्या दारात आजही मला बसायला चटई मिळते. माझा हिशोब एवढाच आहे, आणि तो चुकलाय असं मला कोणी पटवून दिलेलं नाही.

आता ऐकवायचं कसं ते ऐक. काकूंच्या घरी आईला सोबत घेऊन जा. तू तरणा पोरगा आहेस, एकटा जाऊन बसू नकोस. दीर वावरात असताना जा, आणि भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं लावू नकोस. इअरफोन नको, साध्या फोनच्या स्पीकरवर लाव. ऐकताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायचं नाही. वही घे, जिथं त्या हात वर करतील किंवा चुळबुळतील तिथली वेळ लिही. होकार-नकार त्याच बैठकीत मागू नकोस. चार दिवस जाऊ दे, मग पुन्हा जाऊन विचार. समोर बसलेल्या पोराला नाही म्हणणं आपल्याकडच्या बायांना जड जातं, हे तुला ठाऊक आहे.

हे फक्त नीतीसाठी सांगत नाही. ओट्यावर ऐकवलं की तुझं रेकॉर्डिंगही तपासून निघतं. फोनच्या स्पीकरमध्ये खर्ज उरत नाही, त्यामुळे खोलीच्या घुमाऱ्यात हरवलेले, गिळलेले शब्द लगेच उघडे पडतात. माणूस कुठे कंटाळतो तेही कळतं. तुझी ती लांबलचक प्रस्तावना तिथं टिकणार नाही.

मायक्रोफोनबद्दल तू एवढं का अडतोस मला समजत नाही. कर्ज काढून मायक्रोफोन घ्यायचा विचार डोक्यातून काढ. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक काही शेकड्यांत मिळतो, तो पुरे. अंतर महत्त्वाचं. तोंडापासून वीतभर, त्यापेक्षा लांब नाही. अंतर दुप्पट केलंस की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणूनच लांबून घेतलेलं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. फोन फ्लाइट मोडवर टाक. जमलं तर डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे न दाबलेल्या ध्वनिफाइलमध्ये रेकॉर्ड कर, आणि बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट नुसती शांतता घे, कापलेल्या जागा बुजवायला तीच कामी येते.

आणि खोली? तुझ्या घरी भाव वाढायची वाट पाहत कापूस साठवलेला असतो ना? ती खोली. कापसाच्या ढिगासारखा आवाज पिणारा दुसरा पदार्थ गावात नाही. स्टुडिओवाले भिंतींना जे लावतात त्याचं काम तो फुकट करतो. उन्हाळ्यात अंगाला खाज सुटते, म्हणून पहाटे उरकून घे. एरवीही आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी पंखा बंद ठेवून कोणी बोलू शकत नाही. पावसाळ्यात टिनाखाली रेकॉर्डिंग करायचा हट्ट धरू नकोस.

कापायला संगणकावर ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे आणि पुरेसं आहे. खोकला काढ, पुनरुक्ती काढ. वाक्याच्या पोटात कात्री घालू नकोस, आणि दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं जोडून तिसरा अर्थ तयार करू नकोस. बासरी नको. काकूंच्या बोलण्याखाली कुठलंही संगीत नको. शेवटची फाइल लहान ठेव: मोनो (एकेरी आवाजाची) एमपी३, ६४ केबीपीएसवर कर, अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीत बसतो. दिवसाचा डेटा जपून वापरणाऱ्यांसाठी हे करायचंच. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. काकूंचा फोटो त्यावर नको.

भाषेचं काय विचारतोस! काकू तुझ्याशी बोलल्या त्या वऱ्हाडीत, तू वऱ्हाडीत विचारलंस म्हणून. पुस्तकी विचारलं असतंस तर ‘चांगलं चाललंय’ म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

त्यांच्या भागापुरत्या तीन गोष्टी सक्तीच्या. नवऱ्यानं जीव कसा दिला, त्याची पद्धत आणि औषधाचं नाव काढून टाक, अगदी त्यांनी स्वतः सांगितलं असलं तरी. ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या मनःस्थितीत असेल सांगता येत नाही. वर्णनात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दे, भागाच्या शेवटी तुझ्या तोंडानंही सांग. आणि नाव, गाव, गट क्रमांक, बँकेची शाखा काहीही जाऊ देऊ नकोस. नाव झाकलं तरी पंचक्रोशीत आवाज ओळखला जातो. दिराचा प्रश्न नाव काढल्यानं सुटत नाही, म्हणून पुन्हा तेच: आधी त्यांना ऐकव.

होस्टिंग फुकटचं घेतलंस तरी चालेल, पण फीडला जोडलेला ईमेल तुझा स्वतःचा असू दे, मित्राचा नको. सेवा बदलताना जुन्या फीडवरून नव्या फीडकडे वळवायची सोय असते का, ते आधीच बघून घे. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांचे भाग इतर ॲप्सवर चालूच राहिले. मूळ डब्ल्यूएव्ही दोन ठिकाणी ठेव. एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी, त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये का होईना. ती त्यांचीच आहे.

अजून एक. पहिला भाग काकूंचा करू नकोस. तुझा हात अजून कच्चा आहे, आणि कच्च्या हातानं धरायची गोष्ट नाही ती. पोळ्याला तोरणाखाली तुमच्या गावात झडत्या, म्हणजे टोमण्यांची कवनं म्हणतात, ‘हर बोला हर हर महादेव’ची आरोळी उठते, तिथून सुरुवात कर. म्हणणाऱ्याच्या अगदी जवळ उभा राहा, बैलांच्या घुंगरांपासून माइक वाचव. कापसाच्या भावावर, सरकारवर, गावच्या पाटलावर त्यात सणसणीत ओळी असतात. दुसऱ्या दिवशी म्हणणाऱ्याकडे जाऊन बस आणि त्यालाही ऐकव. कदाचित पाटलावरची ओळ काढ म्हणेल. काढ. तुला ती सगळ्यात जास्त आवडली असली तरी काढ. भादव्यात भुलाबाईची गाणी येतील, त्या मुलींनाही ऐकव, त्यांच्या आयांनाही. या सवयीनं हात तयार होईल, आणि तोवर गावाला कळेल की हा पोरगा आधी ऐकवतो.

ॲप किती जण उघडतील याची काळजी सोड. गावातल्या बहुतेकांना तू एमपी३ व्हॉट्सॲपवरच पाठवशील. पारावर ब्लूटूथ स्पीकरही लावशील, पण झडत्यांसाठी. काकूंचा भाग पारावर कधीच लावायचा नाही.

काकू नाही म्हणाल्या, तर वाद घालायचा नाही, समजावायचं नाही, ‘समाजाला उपयोग होईल’ हे वाक्य तर तोंडातून काढायचंच नाही. त्यांची प्रत त्यांना दे आणि तुझ्याकडची त्यांच्यासमोर पुसून टाक. मित्राकडे पाठवली असशील तर त्याच्याकडूनही पुसून घे, आणि हे काम त्यांच्याकडे जायच्या आधी कर. पाठवली आहेस का, ते तू निरोपात सांगितलेलं नाहीस. ते मला आजच कळव.