पत्रादेवीपलीकडचा जन्म आणि लिस्बनमधील नोंद

पोर्तुगीज नागरिकत्वाविषयी येणाऱ्या पत्रांतील गोंधळ बहुतेक वेळा एकच असतो, म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. कागदपत्रे पाहिल्याशिवाय कोणाच्याही प्रकरणावर मत देणे योग्य नाही.

प्रश्न : आमचे आजोबा १९३८ साली पेडण्यात जन्मले आणि पुढे सावंतवाडीत स्थायिक झाले. आम्हा नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो का?

उत्तर : शक्यता आहे, परंतु आधी आजोबांच्या जन्माची नोंद सापडली पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानत आला आहे, आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केल्यानंतरही त्या देशाने ही भूमिका सोडलेली नाही. आज दोन राज्यांमधला वाटणारा पत्रादेवीचा नाका तेव्हा दोन देशांमधला होता; भारताने नाकेबंदी केल्यानंतर तर बांद्याची लेक पेडण्यात दिलेली असली, तरी माहेरी येण्यासाठी तिला परवान्याची वाट पाहावी लागे. त्यामुळे एकाच घरातील एक भावंड पेडण्यात आणि दुसरे आजोळी बांद्यात जन्मलेले असेल, तर पहिल्याचा हक्क जन्मस्थानावरून आणि दुसऱ्याचा आईवडिलांवरून सिद्ध करावा लागतो. आज आपण राहता कोठे, याला येथे महत्त्व नाही. लिस्बनच्या दप्तरात सहसा आधीच्या पिढीच्या जन्माची नोंद प्रथम होते आणि मग पुढच्या पिढीची. नातवाने थेट अर्ज करण्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्या बदलत आल्या आहेत. पोर्तुगालच्या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला नोंद दाखवूनच पुढे जावे.

प्रश्न : पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला की इंग्लंडमध्ये कामाला जाता येते ना?

उत्तर : आता नाही, ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, आणि त्यापूर्वी तेथे राहत नसलेल्या पोर्तुगीज नागरिकालाही कामासाठी व्हिसा लागतो.

प्रश्न : जुन्या नोंदीत आमचे आडनाव ‘कामोतीम’ आहे आणि आधार कार्डावर ‘कामत’. एजंट म्हणतो की नोटरीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे.

उत्तर : पुरेसे होईलच असे नाही. पोर्तुगीज लेखनिकांनी शेणवींचे ‘सिनाय’ आणि कामतांचे ‘कामोतीम’ केले, तेव्हा अशी तफावत असंख्य घरांत आहे आणि ती दूर करण्याचे कायदेशीर मार्गही आहेत. मूळ नोंदीची शब्दशः प्रमाणित प्रत निबंधक कार्यालयातून स्वतः काढावी आणि ती वकिलाला दाखवावी. ‘प्रत मीच करून आणतो’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत.

प्रश्न : एजंटच्या म्हणण्याप्रमाणे लिस्बनमध्ये जन्म नोंदवून पोर्तुगीज ओळखपत्र घेतले, तरी भारतीय पासपोर्ट आणि मतदारयादीतील नाव तसेच ठेवता येते, कारण कोणाला कळत नाही. हे खरे आहे का?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि सर्वाधिक नुकसानही याच समजुतीने होते. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. त्यासाठी तिने भारतात वेगळा अर्ज करावा लागत नाही, आणि सरकारला उशिरा कळले म्हणून ते नागरिकत्व तोपर्यंत टिकून होते असेही होत नाही. केवळ जन्मनोंदणीने नागरिकत्व जाते की नाही, यावर वाद झालेले आहेत. मात्र पोर्तुगीज ओळखपत्र घेतल्यावर आपली बाजू फार दुबळी होते, आणि पासपोर्ट घेतल्यावर नियमांनुसार तोच निर्णायक पुरावा ठरतो.

१९६२ च्या केंद्रीय आदेशाने गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले आणि ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना लेखी कळवण्यासाठी एक महिन्याची मुदत दिली. एका धर्मगुरूंनी तसे कळवून पोर्तुगीज राहणे पसंत केले. पुढे राहण्याच्या परवान्याची मुदत संपूनही ते गोव्यात राहिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांना यश आले नाही. त्यांनी निदान आपली निवड उघडपणे केली होती. आजचा एजंट मात्र ती लपवण्याचे पैसे घेतो. नागरिकत्व गेल्याचे दडवून भारतीय पासपोर्ट मिळवणाऱ्याला पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १२(१-अ) खाली एक ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, आणि नागरिक नसलेल्याचे नाव मतदारयादीत राहू शकत नाही. अर्जावर सही आपली असते. एजंटचे नाव त्यावर कोठेही नसते. दोन्ही पासपोर्ट आधीच जवळ असतील, तर पुढचा प्रवास करण्यापूर्वी वकिलाला भेटावे.

प्रश्न : भावाने तीन वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. भारतीय पासपोर्ट जमा करायला गेल्यावर तो रद्द करण्यात आला आणि परित्यागाचे प्रमाणपत्र मिळाले नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना दिले जाणारे ओसीआय कार्ड त्याला मिळेल का?

उत्तर : एप्रिल २०२४ पासून अशा प्रकरणांत रद्दीकरणाचा आदेशही ग्राह्य धरण्याची सोय केंद्राने केली आहे, त्यामुळे अर्ज करता येईल. तीन वर्षे थांबण्याचे कारण मात्र मला समजले नाही. या काळात जुन्या पासपोर्टवर प्रवास झाला असल्यास ते वकिलापासून लपवू नये.

प्रश्न : ओसीआय कार्डावर शेतजमीन घेता येते का?

उत्तर : विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते.

प्रश्न : आमची आजी कधीही गोव्याबाहेर गेलेली नाही. पोर्तुगाल तिला आपली नागरिक मानतो म्हणून येथे ती परकी ठरेल का?

उत्तर : नाही. परक्या देशाच्या कायद्यात आपोआप मिळालेल्या स्थानाला स्वेच्छेने नागरिकत्व घेणे म्हणता येत नाही. परंतु नातवंडांची साखळी जुळावी म्हणून वयोवृद्ध माणसाचा अंगठा लिस्बनच्या कागदांवर घेण्याचे प्रकार मी पाहतो, आणि त्या कागदांत पोर्तुगीज ओळखपत्राचाही अर्ज असेल तर तिचा मतदानाचा हक्क आणि येथील नागरिक म्हणून मिळणारे लाभ यांवर टाच येऊ शकते. आजीला सर्व कागद तिच्या भाषेत वाचून दाखवावेत, ती नको म्हणाली तर विषय तेथेच थांबवावा, आणि हो म्हणाली तरी तिच्यासाठी घ्यायचा वकील एजंटने सुचवलेला नसावा.