डबल बेल नको, सिंगलच द्या

प्रश्न: माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने टेस्ला घेतलीये आणि म्हणे गाडी लॉक झाली की आपल्याला हवा तो आवाज वाजवता येतो. त्याला पुण्याच्या जुन्या पीएमटी बसमधली डबल बेल हवीये, टिंग टिंग. आमच्या वाड्यातल्या एका रिटायर्ड कंडक्टरकाकांकडे तसली घंटा आहे अजून, ती मी मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॅपवर पाठवली, त्याने पेनड्राइव्हवर टाकली, पण गाडी ढिम्म. चुकलं कुठे?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: ताई, घंटा झकास निवडलीत, घोळ फाइलचा आहे. ही सोय टेस्लाने २०२३च्या डिसेंबरातल्या अपडेटमध्ये दिली आणि त्यात फक्त वेव्ह (.wav) फाइल चालते. फोनचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा वेगळ्याच फॉरमॅटमध्ये असतं, वर व्हॉट्सॅप ते अजून दाबतं, आणि नुसतं नाव बदलून काही त्याचं वेव्ह होत नाही (हा उद्योग मीही करून बसलोय). ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात उघडा, सुरुवातीची शांतता कापा म्हणजे आवाज उशिरा येणार नाही, आणि वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा. फाइल १ एमबीच्या आत हवी, म्हणजे सीडी क्वालिटीत स्टीरिओ जेमतेम साडेपाच सेकंद, पण घंटेला दोन सेकंद रग्गड झाले. नाव इंग्रजीत लॉकचाइम, शब्द जोडून, एल आणि सी कॅपिटल, आणि फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न कोंबता पेनड्राइव्हवर मोकळीच ठेवायची. मग गाडीच्या स्क्रीनवर टॉयबॉक्समध्ये बूमबॉक्स, तिथे लॉक साउंडला यूएसबी निवडायचं. सेटिंगमध्ये लॉकचा आवाजच बंद असेल तर मात्र कितीही घंटा बडवा.

हा आवाज गाडीच्या बाहेरच्या स्पीकरमधून येतो, पायी चालणाऱ्यांना सावध करायला बसवलेला असतो ना, तोच. छोटा असतो, त्यामुळे ताशा ऐकू येईल, ढोल विसरा. घंटेला उत्तम.

आता माझी एक तक्रार. डबल बेल म्हणजे 'चला, जाऊ द्या' हो! थांबायचं असेल तर कंडक्टर दोरी एकदाच ओढायचा. गाडी लॉक करून भाऊ घरात चाललाय आणि मागून घंटा ड्रायव्हरला सांगतेय सोड गाडी, काकांना हे कळलं तर काय म्हणतील? तेव्हा एकच टिंग कापून पाठवा, आणि व्हॉट्सॅपवरच पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून.