सट्टा नव्हे ताई, पत

प्रश्न: मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला त्याला 'ब्लॉकचेनमधल्या नोड्सची विश्वासार्हता' हा विषय घ्यायचाय. मामा म्हणतात, हा क्रिप्टोचा सट्टा, यात नोकरी नाही. शिवाय त्याला 60,000 रुपयांचा ब्लॉकचेनचा कोर्स लावायचाय. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, मला यातलं काही कळत नाही. काय करू? – एक आई, बार्शी

उत्तर: ताई, पतसंस्थेत बसता म्हणजे तुम्हाला यातलं बरंच कळतं. कर्जदार आला की तुम्ही मागचे हप्ते बघता, जामीनदार बघता. ब्लॉकचेनची खातेवही एका ऑफिसात नसते, तिची प्रत हजारो कॉम्प्युटरांवर असते (यातला प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे एक नोड), आणि वर मॅनेजर कुणीच नाही. मग समोरच्याची पत ज्याची त्यानेच ठरवायची. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनमध्ये व्यवहारांना मंजुरी देणाऱ्याला तिथलं नाणं, म्हणजे ईथर, किमान 32 अनामत ठेवावे लागतात. ठरावीक लबाड्या पकडल्या गेल्या की त्यातून कापून घेतात. शेजारचा नोड नुसता कचरा पाठवत असेल, तर त्याचे गुण कमी करत शेवटी संबंधच तोडतात.

बोगस सभासद तुम्हाला माहीत असतीलच. इथे एकच माणूस पाचशे नोड उभे करतो आणि सगळे एकमेकांची तारीफ करतात. जॉन डूसर यांनी 2002 साली या 'सिबिल अटॅक'वर (कर्जाच्या सिबिल स्कोअरशी याचा संबंध नाही) निबंध लिहिला. ओळख तपासणारं मध्यवर्ती कुणी नसेल तर याचा पूर्ण बंदोबस्त व्यवहारात होत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

उलटंही होतं. ऑगस्ट 2020 मध्ये इथेरियमच्या मेडाला या चाचणी नेटवर्कवर वेळ सांगणाऱ्या एका सर्व्हरच्या गोंधळामुळे 'प्रिझम' सॉफ्टवेअर चालवणाऱ्या नोड्सची घड्याळं काही तास पुढे गेली. लबाडी कुणाचीच नव्हती, तरी नेटवर्क कित्येक दिवस लंगडत राहिलं. हप्ता थकला म्हणून माणूस बुडवा ठरत नाही, हे तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

मामांचं अर्धं बरोबर आहे. नाण्यांचे भाव पडले की नुसत्या 'ब्लॉकचेन डेव्हलपर'च्या जागाही आटतात. पण नेटवर्किंग, सिक्युरिटी, डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स (अनेक कॉम्प्युटर मिळून एक काम करतात ती रचना) हे विषय बँकांना, पेमेंट कंपन्यांना, क्लाउडवाल्यांना लागतातच. प्रोजेक्ट करू द्या, फक्त तो या विषयांची तयारी म्हणून व्हावा.

कोर्सचे पैसे मात्र भरू नका. बिटकॉइनचा सगळा कोड फुकट वाचता येतो. त्याने लॅपटॉपवर पन्नास नोडचं खोटं नेटवर्क उभारावं, गुण देण्याची पद्धत बसवावी, मग स्वतःच दोनशे बोगस नोड सोडून ती मोडावी. कुठे मोडली याची दोन पानं मुलाखतीला न्यावीत. मी मुलाखती घेतल्यात, सर्टिफिकेटपेक्षा अशी दोन पानं मी आधी वाचायला घेतो.

आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा: नव्या नोडला सुरुवातीला किती गुण देणार? जास्त दिले, तर नाव खराब झालेला नवं नाव घेऊन परत येईल. शून्य दिले, तर नव्याला कुणी उभंच करणार नाही. तो काय म्हणाला ते मला जरूर कळवा.