अदृश्य माणसाचे डोळे

प्रश्न : मी हौसेने विज्ञानकथा लिहिते. माझ्या नव्या कथेतील नायिकेला भिंतीतून आरपार जाता येते. एका मित्राच्या आग्रहावरून मी या शक्तीचे क्वांटम भौतिकीवर आधारलेले चार पानी स्पष्टीकरण लिहिले. मात्र कथा वाचणाऱ्या मैत्रिणीने नेमकी तीच पाने गाळली. काल्पनिक अतिमानवी शक्तींना असे सविस्तर शास्त्रीय स्पष्टीकरण द्यावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मैत्रिणीने पाने गाळली ती विज्ञानाच्या कंटाळ्यामुळे, असे लगेच मानू नये. त्या पानांमुळे नायिकेच्या वाट्याला नवे काहीच येत नसेल, तर विज्ञानाची गोडी असलेला वाचकसुद्धा ती गाळील.

या बाबतीत इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीकडून मला सर्वाधिक शिकायला मिळाले. त्यातील अदृश्य झालेला शास्त्रज्ञ ग्रिफिन आपल्या डॉक्टर परिचिताला अदृश्यतेचे तत्त्व समजावून सांगतो, तेव्हा तो काचेच्या भुकटीचे उदाहरण घेतो. ही पांढरी भुकटी हवेत ठळक दिसते, पण पाण्यात टाकताच जवळजवळ दिसेनाशी होते, कारण काच आणि पाणी यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याचे प्रमाण, एकमेकांच्या जवळ आहेत. मग शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करता आला तर शरीरही दिसणार नाही. इथवरचे विज्ञान खरे आहे आणि कोणालाही घरी पडताळून पाहता येईल असे आहे. परंतु शरीरात हा बदल घडवणाऱ्या यंत्राविषयी वेल्स जेमतेम दोन-तीन वाक्ये खर्च करतात. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा होता. आपल्या यंत्राचे किरण म्हणजे क्ष-किरण नव्हेत, एवढे सांगून ग्रिफिन पुढे सरकतो.

वेल्स यांनी खरा विस्तार केला आहे तो परिणामांचा. कपडे अदृश्य नसल्यामुळे ग्रिफिनला लंडनच्या जानेवारीत उघड्या अंगाने हिंडावे लागते. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत दिसत राहते, म्हणून चारचौघांत जेवण्याची सोय नाही. बर्फ अंगावर साचेल, पावसात देहाची चकाकती आकृती उमटेल, चिखलाची पावले माग दाखवतील. पापण्याही पारदर्शक असल्याने डोळे मिटून अंधार होत नाही. प्रकाश अडवण्यासाठी त्याला चादर डोळ्यांवर ओढून झोपावे लागते. हा शेवटचा तपशील मला विलक्षण वाटतो. एका भौतिक तत्त्वाचा धागा न सोडता लेखक एका माणसाच्या झोपेपर्यंत पोहोचला आहे आणि त्या माणसाचे एकाकीपण कोणत्याही भावनिक वर्णनाशिवाय आपल्यापर्यंत आले आहे.

तरीही या कल्पनेत एक मोठी उणीव आहे. डोळ्यांत शिरलेला प्रकाश दृष्टिपटलावर शोषला गेल्याखेरीज दिसणे शक्य नाही, त्यामुळे पूर्णपणे पारदर्शक माणूस आंधळाच असेल. रशियन विज्ञानलेखक याकोव पेरेलमान यांनी हा आक्षेप तपशिलाने मांडला आहे. ग्रिफिनच्या दृष्टिपटलामागे अंधूक रंगद्रव्य उरले होते, असा उल्लेख वेल्स करतात खरे, पण शंकेचे पुरते निरसन त्याने होत नाही. असे असूनही कादंबरी ढासळत नाही, कारण कथेचा भार यंत्राच्या अचूकतेवर कुठेच टाकलेला नाही.

अचूकतेचा आग्रह धरणाऱ्यांची अडचण फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या उदाहरणात दिसते. चंद्रावर जाण्यासाठी वेल्स यांनी १९०१ सालच्या एका कादंबरीत गुरुत्वाकर्षण रोखणारा काल्पनिक पदार्थ योजला, तेव्हा व्हर्न यांनी नाराजी व्यक्त केली होती. आपण भौतिकशास्त्र वापरतो आणि वेल्स मनाने रचतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. व्हर्न यांच्या १८६५ सालच्या कादंबरीतील प्रवासी ९०० फूट लांबीच्या तोफेतून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने चंद्राकडे सुटतात. हिशेब केला तर तोफेच्या नळीतील त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक भरते आणि प्रवासी तोंडापर्यंत पोहोचण्याआधीच चिरडले जातात. व्हर्न यांनी आकडे दिले म्हणूनच हा हिशेब आपल्याला मांडता आला. माझ्या दृष्टीने हा त्यांचा मोठेपणाच आहे, पण आकडे लिहिणाऱ्याने ही तपासणी आपल्याही वाट्याला येणार हे गृहीत धरले पाहिजे. सुपरमॅनच्या १९३८ सालच्या पहिल्या कथेत त्याच्या बळाला स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलणाऱ्या मुंगीचा दाखला दिला होता, तोही याच कारणाने टिकत नाही : प्राण्याची लांबी शंभर पट केली तर स्नायूंचे बळ दहा हजार पट आणि वजन मात्र दहा लाख पट वाढते.

याउलट, ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ सालच्या चित्रपटात अदृश्य करणारे यंत्र कसे चालते, हे कोणी विचारत नाही. लाल प्रकाशात तो माणूस दिसतो, एवढा एकच नियम प्रेक्षकाला ठाऊक असतो आणि पडद्यावर लाल रंग आला की छातीत धडधड सुरू होते.

मग शक्तीची कारणे देऊच नयेत काय? माझे मत इतके टोकाचे नाही. १९७३ साली स्पायडर-मॅनच्या चित्रकथेत त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी उंचावरून पडते, तो जाळे फेकून तिला अधांतरी अडवतो, आणि वर ओढून घेतल्यावर ती मृत असल्याचे त्याला कळते. वेगाने पडणारे शरीर एका क्षणात थांबवले तर त्या धक्क्यानेच मान मोडू शकते. वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनीही हेच कारण सांगितले होते. कोळ्याच्या दंशाने शक्ती कशी आली हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही, पण पडणाऱ्या देहाचा संवेग मात्र त्या नायकाच्या आयुष्यभराच्या अपराधी भावनेचे मूळ ठरतो. विज्ञान कथेच्या इतके आत उतरत असेल, तर त्याला चार पानेही थोडी पडतील.

आपल्याकडे विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या बरोबरीने वाढली. जयंत नारळीकर यांची पहिली कथासुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी लिहिलेली होती. त्या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे, पण वाचकाला काही शिकवलेच पाहिजे हे दडपण आपण तिच्याकडूनच घेतले असावे, असेही वाटते.

आता आपल्या नायिकेविषयी. क्वांटम टनेलिंग, म्हणजे कणाने अडथळ्यातून आरपार जाणे, ही घटना खरी आहे, परंतु ती इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या पातळीवर घडते; अख्खा मानवी देह भिंतीपलीकडे जाण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की विश्वाच्या आजवरच्या वयाइतका काळ थांबूनही तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्याला हे ठाऊक आहे त्याचा आपल्या चार पानांमुळे विश्वास बसण्याऐवजी उडेल. त्यापेक्षा तिला भिंत अडवत नाही तर पायांखालची फरशी कशी अडवते, याचे उत्तर शोधावे. भिंतीच्या आत असताना तिला श्वास घेता येतो का? तिथे तिला काही दिसते का? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती सगळी कथेत सांगितलीच पाहिजेत असे नाही. भिंत ओलांडताना तिच्या हातातल्या बांगड्या तिच्याबरोबर जातात की अलीकडेच गळून पडतात, हे आधी ठरवावे आणि मगच त्या चार पानांतले काय ठेवायचे ते पाहावे.